छोट्या पवनचक्कीची वीज : मोजावी कशी, सांगावी कशी

(शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या पूर्वतयारीसाठी जमलेल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान प्रदर्शनाच्या पूर्वतयारीच्या या मेळाव्यात प्रसिद्धी खात्यातील एका कला शाखेच्या पदवीधराने पवनचक्कीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. त्याचे कारण साधे आहे. प्रदर्शनातील प्रत्येक प्रतिकृतीपुढे जो माहितीफलक लागतो, त्याचा मजकूर छपाईपूर्वी आमच्या कचेरीतून तपासून जातो. शुद्धलेखन, ऱ्हस्वदीर्घ, शाळेचे नाव एवढेच पाहणे हे खरे तर आमचे काम. पण अनेक वर्षे असे फलक वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. पवनचक्कीच्या प्रतिकृतीपुढील फलकावर 'निर्माण होणारी वीज' या शब्दांपुढे कोणी ६ व्होल्ट लिहितो, कोणी १२ व्होल्ट लिहितो, आणि एखादा 'एक दिवा पेटतो' असे लिहून मोकळा होतो. या तिन्ही उत्तरांत व्याकरणाची चूक नाही. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही तिन्हींत नाही. ते उत्तर कसे काढावयाचे हे मी जाणकार शिक्षकांकडून समजून घेतले आणि आज तेच आपल्यापुढे मांडणार आहे. जो विषय मला समजला तो कोणालाही समजेल, एवढी ग्वाही मी देऊ शकतो.

व्होल्ट म्हणजे वीज नव्हे

व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप आहे आणि अँपिअर हे प्रवाहाचे. शक्ती म्हणजे या दोहोंचा गुणाकार. तिचे माप वॉट. आपल्याकडच्या कुळागरात ज्यांनी पाटाचे पाणी पाहिले आहे, त्यांना हे चटकन उमगेल. झरा डोंगरावर किती उंच आहे यावर पाण्याचा जोर ठरतो. पण तोंडाशी करंगळीएवढीच धार असेल, तर त्या जोरावर पोफळीची एक ओळही पुरती भिजणार नाही. उलट, सखल ओहोळात पाणी भरपूर असले, तरी ते आपण होऊन वरच्या वाफ्यात चढत नाही. काम होते ते उंची आणि धार यांच्या मेळाने.

आता प्रतिकृतीकडे या. पवनचक्कीच्या दोन तारांना काहीही जोडलेले नसताना त्यांच्या टोकांशी मापक लावला, तर तो ३, ६, क्वचित १२ व्होल्टही दाखवील. फलकावरचे आकडे बहुधा येथूनच येतात. परंतु त्या क्षणी तारांतून वाहणारा प्रवाह जवळजवळ शून्य असतो, आणि कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की काय उरते हे येथील लहानात लहान विद्यार्थीही सांगेल. पाती गरगर फिरत आहेत, मापकावर आकडा उमटला आहे, आणि बाहेर मिळणारी शक्ती मात्र काहीच नाही. दुसरे टोकही पाहा. दोन्ही तारा एकमेकींना थेट जोडल्या, तर प्रवाह भरपूर वाहतो, पण तारांच्या टोकांमधील दाब नाहीसा होतो. पुन्हा शक्ती शून्यच. अशा वेळी पाती कोणी हात लावून धरल्यासारखी मंदावतात, हे आपणही करून पाहावे.

खरी शक्ती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते. म्हणूनच मोकळ्या तारांचा दाब आणि जोडलेल्या तारांचा प्रवाह यांचा गुणाकार करून 'आमची शक्ती इतकी' असे लिहिणे सर्वथा गैर आहे. पाऊस आषाढातला घ्यावा, ऊन वैशाखातले घ्यावे आणि दोन्ही मिळून एका दिवसाचे हवामान लिहावे, तसा हा प्रकार होतो. दाब आणि प्रवाह एकाच वेळी, एकाच भारावर मोजलेले असले पाहिजेत. माझ्या सांगण्यातील मुख्य गोष्ट हीच. पुढचा सारा तपशील तिच्या पाठोपाठ येतो.

स्मीटनचे पारडे

हा विचार आजचा नाही. इंग्लंडातील जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पाणचक्क्या आणि पवनचक्क्या यांच्यावरील प्रयोगांचा निबंध सादर केला. त्याने बांधलेल्या एडिस्टन खडकावरील दीपगृहाचा दिवा त्याच वर्षी लागला, आणि सोसायटीचे कॉप्ली पदकही त्याला त्याच वर्षी मिळाले. फॅरडेने १८३१ साली चुंबक आणि तारेचे वेटोळे यांतून वीज मिळविली. ती अजून पाऊण शतक दूर होती. मग विजेवाचून स्मीटनने पवनचक्कीची शक्ती मोजली कशी?

त्याने लहान प्रतिकृतीच केली होती. तिच्या आसाला दोरी गुंडाळली, दोरीला पारडे बांधले, पारड्यात वजने ठेवली आणि ठराविक वेळात किती वजन किती उंच चढते ते टिपले. पारडे रिकामे असताना पाती किती फेरे घेतात हेही त्याने मोजले. पण रिकाम्या पात्यांचा वेग हा त्याच्या दृष्टीने निष्कर्ष नव्हता, केवळ एक नोंद होती. वजन थोडे ठेवले की ते भरभर चढे, पण काम थोडे होई. फार ठेवले की पाती थांबत. या दोहोंमध्ये कोणत्या वजनाला सर्वांत अधिक काम होते, ते त्याने शोधून काढले. आज आपण विजेच्या भाराने जे करतो, ते त्याने वजनाच्या भाराने केले, एवढाच फरक.

वाऱ्याची अडचण त्याने ज्या रीतीने सोडविली तीही मोठी मौजेची आहे. नैसर्गिक वारा हवा तेव्हा, हवा तितका मिळत नाही. म्हणून त्याने पाती एका आडव्या दांड्याच्या टोकावर बसविली आणि बंद खोलीतील स्थिर हवेतून तो दांडाच गोल फिरविला. वारा पात्यांकडे येईना, तर पाती वाऱ्याकडे नेली! त्यामुळे वाऱ्याचा वेग त्याच्या मुठीत आला. वाऱ्याचा वेग वाढला की मिळणारे काम जवळजवळ त्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हेही त्याने याच प्रयोगांवरून नोंदविले. घनाचा हा मुद्दा आपल्याला पुढे फार कामाला येणार आहे.

प्रत्यक्ष मोजणी

आपल्याजवळ पारड्याऐवजी मल्टिमीटर आहे. त्याच्या जोडीला बाजारात ज्यांना रेझिस्टर म्हणतात ते पाच रोध घ्यावेत : १००, ४७, २२, १० आणि ४.७ ओहमचे. एकेक रोध पवनचक्कीच्या दोन तारांमध्ये जोडावा. पात्यांचा वेग स्थिरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. घाई केली तर आधीच्या भाराचा वेग नव्या भाराच्या नावावर लिहिला जातो. मग त्या रोधाच्या दोन टोकांमधील दाब वाचावा. दाबाचा वर्ग करून त्याला रोधाने भागले की वॉटमध्ये शक्ती मिळते. प्रवाह निराळा मोजण्याची गरज उरत नाही, आणि ते बरेच आहे. कारण प्रवाह मोजण्यासाठी मापक वाटेत घातला, की त्याचा स्वतःचा काही ओहम रोध भारात मिसळतो. मोठ्या यंत्रात त्याने काही बिघडत नाही. आपल्या इवल्या प्रतिकृतीत मात्र मोजणाराच मोजावयाच्या वस्तूत वाटेकरी होऊन बसतो.

उदाहरणादाखल ३० सेंटिमीटर व्यासाची, खेळण्यातील मोटार जनित्र म्हणून वापरणारी एक प्रतिकृती डोळ्यांपुढे आणू. आकडे समजुतीसाठी आहेत. आपले निराळे येतील. मोकळ्या तारांवर दाब ३ व्होल्ट. १०० ओहमचा रोध जोडला की तो २.६ व्होल्टवर येतो. शक्ती ६८ मिलिवॉट, म्हणजे वॉटचे ६८ सहस्रांश. ४७ ओहमवर २.२ व्होल्ट, शक्ती १०३ मिलिवॉट. २२ ओहमवर १.६ व्होल्ट, शक्ती ११६. १० ओहमवर दाब ०.९ व्होल्टपर्यंत घसरतो आणि शक्ती ८१ वर उतरते. ४.७ ओहमवर ०.४५ व्होल्ट आणि ४३ मिलिवॉट. आकडे आलेखपत्रावर मांडा. टेकडीसारखी एक रेषा मिळेल. तिचा माथा २२ ओहमच्या आसपास आहे. ३३ ओहमचा रोध मिळाला तर तोही लावून पाहावा, म्हणजे माथा अधिक नेमका कळेल. या प्रतिकृतीच्या फलकावर लिहावयाचा आकडा ११६ मिलिवॉट. तारा थेट जोडल्यावर सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह वाहतो असे धरले, तर मघाच्या चुकीच्या गुणाकाराने हीच प्रतिकृती ३०० मिलिवॉटची ठरली असती!

काही बारीक गोष्टी शिक्षकांनी मुलांच्या नजरेस आणून द्याव्यात. रोधावर सोनेरी पट्टा असेल, तर छापील मूल्यात शेकडा ५ इतका फरक संभवतो. म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक रोध मापकाने मोजून घ्यावा आणि हिशेबात मोजलेले मूल्य धरावे. दाबाच्या वाचनात शेकडा २ ची चूक झाली तर शक्तीत सुमारे ४ ची होते, कारण आपण दाबाचा वर्ग करतो. मापकातील घट उतरला असेल तर तो चुकीचे, आणि बहुधा वाढीव, आकडे दाखवितो. जुन्या छपाईयंत्रातील स्टेपर मोटार जनित्र म्हणून वापरली असेल, तर तिच्यातून प्रत्यावर्ती वीज येते. ती डायोडच्या जोडणीतून एकदिश करताना प्रवाहाला एका वेळी दोन डायोड ओलांडावे लागतात आणि तेथे सव्वा ते दीड व्होल्ट खर्ची पडतात. ३ व्होल्टच्या यंत्रात हा खर्च म्हणजे निम्मा संसार. तो लपवू नये. फलकावर 'एकदिश केल्यानंतर' असे स्पष्ट म्हणावे.

आणि तो पेटलेला दिवा? पूर्वी टॉर्चचा छोटा बल्ब पेटविणे हीदेखील परीक्षा होती. त्याला निदान काही दशांश वॉट लागत. आजचा लाल एलईडी दिवा २ व्होल्टच्या आसपास आणि काही सहस्रांश अँपिअर प्रवाहावर झगझगतो. दहा मिलिवॉटवरही तो पाहुण्यांचे लक्ष वेधून घेईल. शोभेसाठी तो अवश्य लावावा. पुरावा म्हणून तो चालणार नाही.

स्मीटनची पारड्याची रीतही जाता जाता करून पाहण्यासारखी आहे. १०० ग्रॅमचे वजन १ मीटर उंच ४ सेकंदांत चढले, तर आसावरची शक्ती सुमारे पाव वॉट होय. पात्यांचा वेग विजेच्या प्रयोगातल्याइतकाच राहील असे वजन निवडावे. आसावर पाव वॉट आणि तारांत ११६ मिलिवॉट, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती खेळण्यातील मोटारीतच उष्णता आणि घर्षण होऊन विरली. पाती बदलावीत की मोटार, या मुलांच्या नेहमीच्या वादाचा निकाल वादाने लागत नाही, तो या एका मोजणीने लागतो.

वाऱ्याचा हिशेब

शक्ती किती, हे अर्धे उत्तर झाले. कोणत्या वाऱ्यात, हे दुसरे अर्धे. वाऱ्यातील शक्ती काढण्याची रीत अशी : हवेच्या घनतेचा निम्मा भाग, गुणिले पात्यांच्या फेऱ्याचे क्षेत्रफळ, गुणिले वाऱ्याच्या वेगाचा घन. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम धरावे. आपल्या ३० सेंटिमीटरच्या प्रतिकृतीचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्या वर्तुळातून जाणारी एकूण शक्ती सुमारे २.७ वॉट येते. ही सर्व कोणालाच मिळत नाही. सर्व शक्ती काढून घेतली तर हवा पात्यांपाशीच ठप्प होईल आणि मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही. १९२० साली जर्मनीतील आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवून दिले, की उत्तमात उत्तम पवनचक्कीलाही यातील शेकडा ५९.३ पेक्षा अधिक शक्ती घेता येत नाही. म्हणजे आपली मर्यादा १.६ वॉटची. आपण मिळविले ०.११६ वॉट, म्हणजे वाऱ्यातील शेकडा सव्वाचार. हा आकडा पाहून कोणी खट्टू होऊ नये. हाताने कापलेली पाती आणि खेळण्यातील मोटार यांना तो शोभतो.

माझ्यासारख्या कलाशाखीयाला या हिशेबाचा एक फार मोठा उपयोग झाला. एखाद्या फलकावर याच व्यासाच्या प्रतिकृतीने याच वाऱ्यात ३ वॉट दिले असे लिहून आले, तर मला वीज कळो वा न कळो, एवढे निश्चित कळते की वाऱ्यात मुळात होती त्याहून अधिक शक्ती त्यांनी काढली आहे. तो फलक छपाईला जात नाही. शाळेकडे परत जातो.

घनाचा नियम मोठा कठोर आहे. वाऱ्याचा वेग मोजताना शेकडा १० ची चूक झाली, तर शक्तीच्या हिशेबात शेकडा ३३ ची होते. वर्गात आपण टेबलपंखा वापरतो. त्याचा वारा पिळदार असतो, मध्यभागी मंद आणि कडेला जोरदार असतो, आणि वीजपुरवठ्याचा दाब खालीवर झाला की तोही बदलतो. यासाठी प्रथम प्रतिकृती बाजूला काढावी आणि पाती जेथे फिरणार तेथेच, मध्यभागी आणि वर्तुळात निदान चार ठिकाणी, वायुवेगमापकाने वेग घ्यावा. पंखा आणि प्रतिकृती यांतील अंतर खडूने जमिनीवर आखून ठेवावे. प्रयोगाच्या शेवटी पुन्हा वेग मोजावा. तो बदललेला असेल तर साऱ्या नोंदी पुन्हा घ्याव्यात. फिरत्या पात्यांजवळ कोणी तोंड नेऊ नये, ही सूचना कंटाळवाणी असली तरी मी ती वगळणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर दुपारी खारा वारा वाहतो. मिरामारच्या वाळूत प्रतिकृती रोवून प्रयोग करण्याचा मोह कोणाला होणार नाही? अवश्य करावा. मात्र मोकळ्या वाऱ्यात एक गंमत घडते. समजा, निम्मा वेळ वारा २ मीटर वेगाने वाहिला आणि निम्मा वेळ ६ मीटर वेगाने. सरासरी वेग ४ मीटर. त्याचा घन ६४. पण दोन वेगांचे घन निराळे काढून त्यांची सरासरी घेतली, तर ८ आणि २१६ यांची सरासरी ११२ येते. म्हणजे त्याच सरासरी वेगाच्या झुळझुळ वाऱ्यापेक्षा या लहरी वाऱ्यात पाऊणपट अधिक शक्ती होती. म्हणून मोकळ्यावर एखाद्या झोताच्या क्षणी मापकावर दिसलेला आकडा फलकावर आणू नये. वेग आणि दाब दोन्ही ठराविक अंतराने टिपीत राहावे. मोठ्या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या घेतात आणि लहान पवनचक्क्यांसाठी एकेका मिनिटाच्या. वारा मोजणारा खांबही पवनचक्कीला चिकटून उभारत नाहीत. पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट ते चौपट अंतरावर उभारतात. तमिळनाडूतील कयथार येथे राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे परीक्षण केंद्र आहे. तेथे भल्यामोठ्या यंत्रांना जी शिस्त लावतात, तीच खडू, रोध आणि वहीच्या साहाय्याने शाळेत पाळता येते.

हे सर्व इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शालेय प्रदर्शनात दोन पवनचक्क्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. एकीच्या फलकावर ठळक अक्षरांत १२ व्होल्ट. दुसरी आठवीतल्या एका मुलीची. तिने लिहिले होते : 'सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात, २२ ओहमच्या भारावर, ११० मिलिवॉट.' पाहणारे पहिलीपाशी थबकत आणि दुसरीला विचारीत, "एवढीच?" ती शांतपणे म्हणे, "हो, एवढीच. दोनदा मोजली." पारितोषिक पहिलीला गेले. परीक्षकांच्या मनात पक्षपात नव्हता. त्यांच्या गुणपत्रिकेत 'निर्मिती' असा एकच रकाना होता, आणि त्या रकान्यात १२ हा आकडा ११० सहस्रांशांच्या अपूर्णांकापेक्षा भारदस्त दिसला. पण त्या मुलीने त्या दिवशी काय शिकून घरी जावे? पुढल्या वर्षी तिनेही मोकळ्या तारांवर मापक लावला, तर आपण कोणत्या तोंडाने तिला दोष देणार?

असे शाळेतच घडते असे नाही. आमच्या खात्याकडे येणाऱ्या टिपणांत 'इतक्या मेगावॉटचा प्रकल्प' असे असते आणि छापताना कोणीतरी त्याचे 'इतक्या मेगावॉटची निर्मिती' करून टाकतो. क्षमता म्हणजे जोरदार वाऱ्यात यंत्र अधिकात अधिक किती देऊ शकेल ते. निर्मिती म्हणजे वर्षभरात त्याने प्रत्यक्ष किती युनिटे दिली ते. आपल्या देशात १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन या किनाऱ्यांवर पहिली पवनक्षेत्रे उभी राहिली, तेव्हा एकेक यंत्र ५५ किलोवॉटचे होते. २०२५ च्या मार्चअखेर देशाची पवनक्षमता सुमारे ५०,००० मेगावॉटवर पोहोचली. हा अभिमानाचाच आकडा आहे. परंतु तो क्षमतेचा आहे. एक मेगावॉटचे यंत्र वर्षाचे ८,७६० तास अखंड पूर्ण क्षमतेने चालले, तर ८७ लाख ६० हजार युनिटे देईल. वारा तसा वाहत नाही. सरासरीने क्षमतेच्या चौथाईइतके चालले, तर २१ लाख ९० हजार. गोव्याला लागणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. ती विकत घेणाऱ्याला युनिटांचे पैसे मोजावे लागतात, मेगावॉटचे नव्हे. मथळ्यात मावतो तो मेगावॉट, आणि देयकात येते ते युनिट. हा भेद जो विद्यार्थी आज आपल्या प्रतिकृतीवर शिकेल, त्याला उद्या वृत्तपत्र वाचताना कोणी सहज चकवू शकणार नाही, असे मला वाटते.

यंदाच्या प्रदर्शनासाठी माझी संयोजकांना विनंती आहे, की पवनचक्कीच्या फलकावरील 'निर्माण होणारी वीज' ही ओळ काढून तेथे पात्यांचा व्यास, वाऱ्याचा वेग व तो कसा मोजला, भाराचा रोध, त्या भारावरील दाब आणि त्यावरून आलेली शक्ती एवढ्या नोंदी मागवाव्यात. मोकळ्या तारांचा दाब लिहावयाचा असेल तर खुशाल लिहावा, पण त्याच्यापुढे 'भाराविना' हा शब्द असावा. परीक्षकांच्या गुणपत्रिकेतही शक्तीच्या आकड्याला जेवढे गुण, निदान तेवढेच मोजणीच्या वहीला असावेत. फलकांचा मजकूर आमच्या कचेरीत प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी पोहोचावा. ज्या फलकात भार नाही तो परत येईल, हे आताच सांगून ठेवतो. म्हणजे मागाहून रुसवा नको.

प्रदर्शनाच्या सभागृहात सर्वांसाठी एकच पंखा ठेवण्याची आणि त्याच्यापुढील वाऱ्याचा वेग रोज सकाळी व दुपारी फळ्यावर लिहिण्याची सूचना मी केली आहे. वायुवेगमापक सर्व शाळांकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो शेजारच्या शाळेला एक दिवस द्यावा. मागच्या टेबलावर रोधांची पेटी आहे. प्रत्येक शाळेने जाताना त्यातून पाच रोध मोजून घ्यावेत, आणि मोजून म्हणजे मल्टिमीटरनेही. आता कोणाच्या काही शंका असतील तर विचाराव्यात. विजेच्या शंकांची उत्तरे देण्यासाठी मी ज्यांच्याकडून हे शिकलो ते शिक्षक पहिल्याच रांगेत बसले आहेत.